इदूमियन लोकांचे यहूदीकरण

बायबलातील परंपरेनुसार मृत समुद्राच्या आग्नेयेस राहणारे अदोमी लोक एसावाचे, तर इस्राएली लोक त्याचा जुळा भाऊ याकोब याचे वंशज होत. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने यरुशलेमचा विध्वंस केल्यानंतर यहूदा देशाच्या दक्षिण भागात अदोम्यांची वस्ती वाढली. हेब्रोन व मारेशा ही नगरे असलेल्या या भागास पुढे ग्रीक लेखक इदूमिया म्हणू लागले.

इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात हास्मोनी शासक योहान हिर्कानस याने हा प्रदेश जिंकला. सुंता करून यहूदी नियमशास्त्र पाळणाऱ्यांनाच त्याने तेथे राहू दिले, असे जोसीफस सांगतो. स्ट्रेबो मात्र सक्तीचा उल्लेख करीत नाही. इदूमियन लोक यहूद्यांना येऊन मिळाले व त्यांचे आचार पाळू लागले, एवढेच तो म्हणतो.

पुरातत्त्वीय पुरावा दोघांनाही अंशतः पुष्टी देतो. मारेशाचा नाश याच काळात झाला, हे उत्खननावरून दिसते. परंतु त्यापूर्वीच्या, इ. स. पू. चौथ्या शतकातील अरामी लेख असलेल्या खापरांवर कोस या अदोमी देवतेची, अरबांची व यहूद्यांची नावे एकत्र आढळतात. विजयापूर्वीच या समाजांचा निकट सहवास होता, असे यावरून अनुमान निघते.

धर्मांतरानंतरही जुनी निष्ठा सर्वस्वी लोपली नाही. कोसच्या पुरोहित घराण्यातील कोस्तोबार हा हेरोदाने नेमलेला इदूमियाचा अधिकारी. आपल्या लोकांनी यहूदी आचार पाळावेत, हे त्याला मान्य नव्हते. उलटपक्षी, इ. स. पू. ३७ मध्ये यरुशलेम जिंकून मंदिराची भव्य पुनर्रचना करणाऱ्या हेरोदालाही त्याचा प्रतिस्पर्धी अँटिगोनस याने 'अर्धयहूदी' म्हणून हिणविले होते.

या हेटाळणीस इतिहासानेच उत्तर दिले. रोमविरोधी युद्धात, इ. स. ६८ च्या सुमारास, झेलट पक्षाच्या हाकेसरशी सहस्रावधी इदूमियन यरुशलेमच्या रक्षणार्थ धावून आले. त्यांच्या हातून महायाजक हनान याच्यासह अनेकांची हत्या झाली, हे खरे. तथापि पुढे रोमन वेढ्यात त्यांच्यापैकी अनेक जण मंदिरासाठी लढले. इ. स. ७० नंतर स्वतंत्र लोकसमूह म्हणून त्यांचा मागमूस राहत नाही. पूर्वजांकडून आलेला धर्म वंशजांनी प्राणपणाने राखला. समाजातील स्थान जन्माने ठरते की आचाराने, या वादात इदूमियनांचे उदाहरण म्हणूनच निर्णायक महत्त्वाचे आहे.