हौस, उचल आणि तिकीट : संगमनेरच्या एका फडाचा हिशेब

आजकाल कुठल्याही उद्योजकता शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. ज्याची आवड आहे तेच काम करा, पैसा आपोआप मागून येतो. हे खरं आहे का, हे आपण आज आपल्याच जिल्ह्यातल्या एका धंद्यावर तपासून बघू. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी गोष्ट जुन्या नगर जिल्ह्यातली, संगमनेरची आहे. धंदा म्हणजे ढोलकीफडाचा तमाशा. काहींना हे विचित्र वाटेल. तमाशाकडे आपण कला म्हणून तरी बघतो, नाहीतर नाक मुरडून तरी बघतो. शंभर माणसांचा संसार पाठीवर घेऊन गावोगाव फिरणारा एक छोटा उद्योग, असं त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्या नजरेने बघितलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात हिवरगाव पावसापासून करू. संगमनेरहून पुण्याकडे जाताना टोलनाका लागतो ना, तेच गाव. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत म्हणून जिचं नाव घेतात, ती पवळा हिवरगावकर इथली. तिच्याआधी बायकांची कामं नाच्या पोऱ्या करायचा. पवळा ज्यांच्या फडात गाजली ते पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म 1866 चा, गाव रेठरे हरणाक्ष, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. घरात कुलकर्णीपणाचं वतन. या माणसाला लावणीचा नाद लागला आणि त्यापायी घर, वतन, जात, सगळं सुटलं. हौसेसाठी सर्वस्व देणं म्हणतात ते याला. मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्तीतल्या थिएटरांत बापूराव आणि पवळा यांच्या नावावर गर्दी लोटायची. आणि तरीही 1945 मध्ये पुण्यात बापूराव गेले ते हलाखीत.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर आपण स्वतःलाच फसवू. बापूरावांची ती हौस होती, कारण त्यांच्याकडे सोडून यायला काहीतरी होतं. पवळा महार समाजातली. विठाबाईंचे वडील भाऊ बापू मांग नारायणगावकर, त्यांची जात तर नावातच आहे. या घरांत ढोलकी आणि तुणतुणं पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. त्यातल्या पुष्कळ मुलींना आवड आहे का, असं कुणी विचारलंच नाही. म्हणून आवड आणि व्यवसाय हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो तेव्हा बोलणारा कोण आहे, हे आधी बघावं, असं आम्हाला वाटतं. तमाशात दोन्ही तऱ्हेची माणसं होती. नादाने आलेलीही, जन्माने आलेलीही. फडाच्या चुलीवर मात्र दोघांचा भात एकाच पातेल्यात शिजायचा.

आता पैशाकडे येऊ. तमाशाचं जुनं उत्पन्न म्हणजे बिदागी आणि दौलतजादा. गावाने यात्रेत बोलवायचं, नारळ, फेटा, धान्य, जमेल तेवढे रुपये द्यायचे. खूश झालेल्या माणसाने बोर्डावर पैसा फेकायचा. नीट बघितलं तर ही किंमत नव्हेच, हे बक्षीस आहे. बक्षीस किती मिळणार हे देणारा ठरवतो आणि घेणाऱ्याने मान लवून घ्यायचं. अशा उत्पन्नावर कुणी उद्याचा बेत करू शकत नाही. शहरांतल्या थिएटरांत तिकीट आलं, पण तिकिटाचा गल्ला थिएटरचा मालक किंवा कंत्राटदार सांभाळायचा. कलावंताचं नाव भिंतीवरच्या जाहिरातीत आणि पैसा दुसऱ्याच्या पेटीत.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. शेक्सपिअरची गोष्ट बघा. नाटकं लिहून त्या काळी कोणी श्रीमंत होत नसे. नाटक कंपनीला एकदा विकलं की लेखकाचा संबंध संपला. शेक्सपिअर 1594 पासून आपल्या कंपनीत भागीदार होता आणि पुढे 1599 मध्ये उभ्या राहिलेल्या ग्लोब थिएटरमध्येही त्याचा हिस्सा होता. गावी जाऊन त्याने मोठं घर घेतलं ते कंपनीतल्या हिश्श्याच्या जोरावर. लेखणी तशीच ठेवून त्याने गल्ल्यात हात घातला, असं म्हणा ना.

तमाशात हा हात घालण्याची जागा म्हणजे फडाची मालकी. आणि आता आपण आजच्या मुख्य पात्राकडे येतो. कांताबाई सातारकर. जन्म 1939 चा, गुजरातेत बडोद्याकडे, दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या घरात. पुढे कुटुंब साताऱ्याला परतलं, तिथे नाचगाण्याची सुरुवात झाली आणि आडनावासारखं सातारकर चिकटलं. मुंबईत त्या तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या. खेडकर तेव्हाचे नावाजलेले तमासगीर. दोघांचा संसारही झाला. 1964 मध्ये खेडकर गेले. कांताबाई पंचविशीत, पदरात मुलं. जो फड त्यांच्या कलेवर चालत होता त्याचा मालकच गेला. अशा वेळी बाईने काय करायचं? दुसऱ्या कुणाच्या फडात नाचायला उभं राहायचं, हा रूढ रस्ता. 1969 च्या सुमाराला कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि बिऱ्हाड संगमनेरला ठेवलं. पुढे हा फड 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या नावाने महाराष्ट्रभर गेला. रघुवीर त्यांचा मुलगा, उत्तम सोंगाड्या. मुलीही बोर्डावर आल्या.

संगमनेरच का, तर रस्ता बघा. संगमनेर पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने चंदनापुरी घाट चढून पुण्याकडे गेलं की नारायणगाव, म्हणजे तमाशाची बाजारपेठ. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. प्रत्येक राहुटीत फडाचा मॅनेजर वही घेऊन बसलेला. गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच येतात, चार राहुट्या फिरतात, भाव काढतात, घासाघीस होते, इसार दिला जातो, सुपारी ठरते. शेवगावचा कांदा-कापूसवाला जसा बाजार बघून माल सोडतो, तसंच इथे चालतं, फक्त विकायची वस्तू वेगळी. फडमालक विकतो ती रात्र. चैत्रात कालाष्टमी, हनुमान जयंती अशा तिथींना शेकडो गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात. त्या रात्रीला चढा भाव. पण एक रात्र दोन गावांना विकता येत नाही, आणि न विकलेली रात्र साठवूनही ठेवता येत नाही. टोमॅटोवाल्याला हे दुखणं लगेच कळेल.

या सुपाऱ्यांचे दिवस फार थोडे. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत फड कनाती ठोकून तिकिटावर खेळ करतो. आज या गावी, उद्या पुढच्या. आता एक काल्पनिक हिशेब मांडू, म्हणजे ताण कुठे असतो ते दिसेल. समजा फडात शंभर माणसं आहेत. कलावंत, वादक, तंबू ठोकणारे, ड्रायव्हर, आचारी, सगळे धरून. माणशी जेवणाखाण्याला रोज शंभर रुपये धरले, तरी दिवसाचे दहा हजार. हंगाम सात महिन्यांचा, म्हणजे 210 दिवस. झाले 21 लाख. हा नुसता पोटाचा खर्च. पगार, डिझेल, जनरेटर, ट्रकची दुरुस्ती, जागेचं भाडं अजून बाहेरच आहे. अवकाळी पाऊस आला, गावात कुणी पुढारी वारला, शेजारच्या गावात कुस्त्यांचा फड पडला, की त्या दिवशीचा गल्ला शून्य. दहा हजार मात्र जातातच. म्हणून फडमालकाचं निम्मं कसब बोर्डावर दिसतच नाही. कुठल्या गावचा बाजार कधी, ऊसतोडीचे पैसे मजुरांच्या हातात कधी येतात, परीक्षा कधी, कुठल्या गावचे पंच इसार देऊन उरलेल्या रकमेला टाळाटाळ करतात, हे सगळं डोक्यात असावं लागतं.

आणि सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे उचल. पावसाळ्यात फड बंद. कलावंतांच्या घरी चूल पेटायला हवी, मुलांच्या शाळा, दवाखाना, लग्नं. म्हणून कलावंत पुढच्या हंगामाच्या बोलीवर मालकाकडून आगाऊ रक्कम घेतात. ऊसतोड कामगार मुकादमाकडून घेतात, अगदी तशीच, आणि शब्दही तोच. ही उचल द्यायला मालकाकडे पैसा कुठून असणार? तो सावकाराकडून व्याजाने आणतो. म्हणजे हंगामाचा पहिला पडदा उघडण्याआधीच फड कर्जात असतो. चांगला ढोलकीवाला दुसऱ्या फडात जाऊ नये म्हणून उचल वाढवावी लागते. उचल बुडवून कुणी निघून गेला तर बोलायचं कुणाशी? उलट बाजूनेही बघा. उचल फिटेपर्यंत कलावंताला फड सोडता येत नाही. एकाच चिठ्ठीने मालक आणि कलावंत दोघंही बांधलेले. या उचलीला सरळ वेठबिगारी म्हणणारे अभ्यासक आहेत आणि तिच्याशिवाय फड उभाच राहणार नाही असं म्हणणारे फडकरी आहेत. आम्हाला दोघांचंही म्हणणं पटतं, आणि हीच अडचण आहे.

नफ्याचा पाठलाग करताना कला कुठे जाते, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारणारच. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, अशी तमाशाची जुनी बांधणी. वग रंगायला रात्र लागायची, पहाट व्हायची. 'सांगत्ये ऐका' 1959 मध्ये आला आणि पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. तमाशाची गोडी सिनेमाने उचलली आणि उलट प्रेक्षक तंबूत येऊन सिनेमातली गाणी मागू लागला. तिकीट काढून आलेला माणूस नाराज झाला तर पुढच्या वर्षी त्या गावात तंबू रिकामा. मग फडांनी गाण्यांची फर्माईश वाढवली, वग आखडला. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाच्या पुढे भोंग्यावर बंधन आणलं. रात्र हीच ज्याची विकायची वस्तू, त्याची रात्रच अर्धी झाली. त्याही आधी, स्वातंत्र्यानंतर लगेचच, अश्लीलतेच्या नावाखाली मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. ती उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. म्हणजे या धंद्याला सरकारी कागदाची सवय जुनीच आहे. शुद्ध कलेचा आग्रह धरणाऱ्यांनी फडमालकाला खुशाल बोल लावावा, पण त्यांच्यापैकी किती जणांनी तंबूत मांडी घालून अख्खा वग बघितलाय, तेही सांगावं.

मालकी हातात आली की सगळं साधतं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. विठाबाई नारायणगावकरांचाही स्वतःचा फड होता. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला होता. कलेत त्यांच्या जवळपास कुणी नव्हतं. तरी 2002 मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला लोकांना पुढे यावं लागलं. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने पुढे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, आणि पहिला पुरस्कार मिळाला कांताबाईंना. एकीच्या नावाचा पुरस्कार दुसरीच्या हातात. दोघींनी सारख्याच रस्त्यांवर तंबू ठोकले होते. एकीचा फड पुढच्या पिढीच्या हाती चालता राहिला, दुसरीच्या शेवटच्या दिवसांत हातात काही उरलं नाही. हा फरक कष्टाचा किंवा आवडीचा नाही. थोडा घरातल्या माणसांचा आहे, थोडा वहीचा आणि बराचसा नशिबाचा. कांताबाईंचा फड नवा असतानाच 1972 चा दुष्काळ पडला, तो आपल्या जिल्ह्याने चांगलाच भोगलाय. अशा वर्षी गावची वर्गणीच गोळा होत नाही, यात्रा देवाला नारळ फोडून उरकते. त्यातून जो फड तरला तो पुढे पन्नास वर्षं चालला.

आणि मग 2020. गुढीपाडवा होता 25 मार्चला. देशभर टाळेबंदी लागू झाली तोच दिवस. वर्षाचा सगळा नफा ज्या पाच-सहा आठवड्यांत व्हायचा, ते आठवडे घरात बसून गेले. उचल दिलेली होती, ती खर्चही झाली होती. 2021 चा पाडवा 13 एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. सलग दोन यात्रा-हंगाम बुडाले. सावकाराचं व्याज काही बुडालं नाही. त्याच लाटेत, 25 मे 2021 रोजी, कांताबाई संगमनेरला गेल्या.

2022 चा पाडवा 2 एप्रिलला होता. आदल्या दिवसापासून राज्यातले निर्बंध उठले होते. म्हणजे यात्रा भरणार होत्या, पंच इसार घेऊन येणार होते. फडमालकांनी वह्या उघडल्या तेव्हा पहिल्या पानावर दोन वर्षांची जुनी उचल तशीच लिहिलेली होती, आणि कलावंत नव्या उचलीसाठी समोर बसले होते.