सॉफ्टवेअरची सुगम्यता : रचना, भाषा आणि कायदा

भंडारा जिल्ह्याचे अर्थकारण धानावर चालते. धान आधारभूत किमतीला विकायचा, तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. 15 ऑगस्ट 2021 पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर आली. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातला अंध शेतकरी ही नोंद करू लागला, तर त्याच्यापुढे पाच कामे येतात : खाते निवडणे, गट क्रमांक निवडणे, पीक व क्षेत्र भरणे, शेतात उभे राहून छायाचित्र घेणे आणि माहिती पाठवणे. छायाचित्र सोडले, तर यातले कोणतेही काम डोळ्यांवाचून अडण्याचे कारण नाही. छायाचित्रासाठीही फोन आवाजाने दिशा सांगू शकतो आणि आपण गटाच्या हद्दीत उभे आहोत की नाही, हे उपग्रहाधारित स्थानावरून कळवू शकतो. अडते ते सॉफ्टवेअरच्या बांधणीमुळे. म्हणून विवेचनाचा आरंभ बांधणीपासूनच केला पाहिजे.

1. स्क्रीन रीडर काय वाचतो?

अंध व्यक्ती फोन किंवा संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या साहाय्याने. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर 2009 पासून व्हॉइसओव्हर, लिनक्सवर ऑर्का, विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए ही त्यांची नावे. एनव्हीडीए मोफत आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 2006 मध्ये त्याचे काम सुरू केले.

ही साधने मुख्यतः पडद्यावरच्या चित्रावर अवलंबून नसतात. प्रत्येक अ‍ॅप कार्यप्रणालीला आपल्या घटकांची एक वृक्षाकार यादी देते आणि स्क्रीन रीडर ती वाचतो. यादीतल्या प्रत्येक घटकाबद्दल चार गोष्टी कळाव्या लागतात : नाव, प्रकार, स्थिती आणि मूल्य. ‘पीक निवडा, यादी, बंद, धान’ एवढे ऐकू आले की वापरणाऱ्याला सगळे समजते. याउलट एखादे बटण नुसते चित्र म्हणून ठेवले आणि त्याला नाव दिले नाही, तर ‘बटण’ एवढाच शब्द ऐकू येतो. ते दाबल्यावर माहिती जतन होईल की पुसली जाईल, हे कळायला मार्ग उरत नाही.

2. एक संहिता, अनेक कार्यप्रणाली

ही यादी देण्याची पद्धत प्रत्येक कार्यप्रणालीत वेगळी आहे. विंडोजवर ती यूआय ऑटोमेशनमार्फत जाते, लिनक्सवर एटी-एसपीआयमार्फत. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्या पद्धती आणखी निराळ्या. एकदाच लिहून सगळीकडे चालवायचे सॉफ्टवेअर ज्या विकास-साधनाने बांधतात, त्याला या सर्वांशी बोलावे लागते. ते कसे बोलते, यावरून अशा साधनांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग कार्यप्रणालीचीच बटणे आणि चौकटी वापरणाऱ्यांचा. डब्ल्यूएक्सविजेट्स हे त्याचे ठळक उदाहरण. येथे बटणाचा प्रकार आणि स्थिती बहुतेक वेळा आपोआप पोहोचते. रिअ‍ॅक्ट नेटिव्हही कार्यप्रणालीचे घटक वापरते. मात्र साध्या चौकटीला बटणाचे काम दिले, तर ती बटण आहे हे लिहिणाऱ्याने वेगळे सांगावे लागते.

दुसरा वर्ग इलेक्ट्रॉनसारख्या, ब्राउझरच्या इंजिनावर चालणाऱ्यांचा. इंजिन यादी नीट पोहोचवते, पण मुळात एचटीएमएलमध्ये खरे बटण लिहिलेले असेल तरच.

तिसरा वर्ग स्वतःच सारा पडदा रंगवणाऱ्यांचा. फ्लटर आणि क्यूटीचा क्यूएमएल हा भाग यात मोडतो. कार्यप्रणालीच्या दृष्टीने असा पडदा म्हणजे कोरा फलक असतो. त्यावर काय आहे, याची यादी साधनाला स्वतः तयार करून प्रत्येक कार्यप्रणालीच्या भाषेत द्यावी लागते. फ्लटरमध्ये त्यासाठी ‘सिमँटिक्स’ हा स्वतंत्र थर आहे. तरीही फ्लटरच्या वेब आवृत्तीत, वेग राखण्यासाठी, हा थर सुरुवातीला बंद असतो आणि एका अदृश्य बटणाने सुरू करावा लागतो.

यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. संहिता एक असली म्हणून सुगम्यता एक नसते. टॉकबॅकवर नीट चाललेले अ‍ॅप एनव्हीडीएवर मुके ठरू शकते. त्यामुळे चाचणी प्रत्येक कार्यप्रणालीवर, तिथल्या स्क्रीन रीडरसह, व्हायलाच हवी.

3. मराठीचा थर

यादी नीट पोहोचली तरी ती मराठीत उच्चारली गेली पाहिजे. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या बिगर-युनिकोड टंकातला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण यंत्रात तो रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक म्हणून साठवलेला असतो. स्क्रीन रीडर ते निरर्थक क्रमाने वाचतो. युनिकोड ही म्हणून पहिली अट. दुसरी अट भाषेच्या खुणेची : मजकूर मराठी आहे असे अ‍ॅपने सांगितले नाही, तर तो हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी उच्चारण आहे. अडचण अनेकदा या खुणेचीच असते. तिसरी अट संख्यांची. ‘112/2’ हा गट क्रमांक आहे, अपूर्णांक नव्हे, हे घटकाच्या नावातूनच स्पष्ट व्हावे.

4. अंधत्वापलीकडे

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. विदर्भाच्या या पट्ट्यात आढळणारा सिकलसेल हा आजारही त्यात आहे. त्याने सांधे, दृष्टी आणि मेंदू यांची हानी होऊ शकते. अशा व्यक्तीला मोठी अक्षरे लागतील, ओटीपीसाठी जास्त वेळ लागेल, एका बोटाने काम करावे लागेल. डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शिकेत म्हणूनच साध्या मजकुराचा रंगविरोध किमान 4.5 : 1 आणि स्पर्शस्थान सर्वसाधारणपणे किमान 24 बाय 24 पिक्सेल असावे, असे निकष आहेत. कर्णबधिरांना ध्वनिसूचनेसोबत दृश्य सूचना हवी. एका इंद्रियाची वाट बंद असेल, तर दुसरी उघडी ठेवणे, हे या साऱ्यामागचे तत्त्व.

5. जबाबदारी कोणाची?

सुगम्यतेच्या आयएस 17802 या भारतीय मानकाचे दोन भाग 2021 व 2022 मध्ये आले. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशींसारखे ठेवता येणार नाहीत. अनिवार्य किमान निकष हवेत. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्यांचा प्रश्न होता : डोळे मिचकावून ओळख पटवण्याची डिजिटल केवायसी त्यांना पूर्ण करता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडला.

कायदा स्पष्ट झाला. आता तो निविदेत उतरला पाहिजे. अ‍ॅप बनवून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने चार अटी घालाव्यात : निवडलेले साधन कोणत्या कार्यप्रणालीवर घटकांची यादी कशी पोहोचवते, याचे लेखी उत्तर, आयएस 17802 नुसार तपासणी, मराठी वापरणाऱ्या दिव्यांग व्यक्तींकडून, मानधन देऊन, चाचणी, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर तिची पुनरावृत्ती. साधन निवडून झाल्यावर आणि पैसे चुकते झाल्यावर केलेली दुरुस्ती महाग पडते आणि अर्धवट राहते.

सेवा केंद्रावर कुणीतरी नोंद करून देईल, हे उत्तर अपुरे आहे. आधार क्रमांक, बँक खाते आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावे लागणे म्हणजे आपल्या धानाच्या चुकाऱ्यावरचा ताबा सोडणे. भंडाऱ्यातल्या शेतकऱ्याला आपली नोंद आपल्या हाताने करता येणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो बटणाला दिलेल्या एका नावापासून सुरू होतो. ते नाव लिहायला क्षणभर लागतो. ते लिहिले गेले की नाही, हे तपासण्याचे कर्तव्य मात्र त्या अ‍ॅपला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे.