बारा गावचे पाणी

इतिहास लिहिणाऱ्याचे डोळे सहसा अंबारीकडे लागलेले असतात. हत्तीवर कोण बसला आहे हे तो बारकाईने टिपून ठेवतो. हत्तीमागून धूळ खात चालणाऱ्यांची नावे मात्र हजेरीपटाबरोबर वाळवीच्या स्वाधीन होतात. मला स्वतःला त्या मागच्या माणसांविषयी पहिल्यापासून कुतूहल. आपल्या मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार असत. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराचा घोडा सरकारचा आणि हत्यारही सरकारचे. त्याचे स्वतःचे म्हणावे असे काय, तर मांड आणि मनगट. घोडा काढून घेतला की स्वारी पायउतार!

अमेरिकेतल्या धंदेवाईक बास्केटबॉलचा इतिहास चाळताना मला असाच एक बारगीर भेटला. त्याचे नाव केविन ऑली. तेरा हंगामांत तो बारा संघांकडून खेळला. तिथे अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. गावोगाव प्रवास करणारा म्हणून हे नाव पडले असावे, असे कोणालाही वाटेल. पण शब्दाचे मूळ निराळेच आहे. फ्रेंच भाषेत ‘जुर्ने’ म्हणजे दिवस. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत उमेदवारी संपवलेला, पण अजून स्वतःचे दुकान नसलेला, दिवसाच्या मजुरीवर राबणारा गडी तो जर्नीमन. थोडक्यात, रोजंदारीवरचा कारागीर.

आता खेळाविषयी दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि हा खेळ सुरू केला. बाजूला पाच गडी. १९५४ पासून धंदेवाईक खेळात चोवीस सेकंदांच्या आत टोपलीकडे चेंडू टाकलाच पाहिजे, असा नियम झाला. त्या चोवीस सेकंदांत चेंडू पुढे आणायचा, कोणता डाव खेळायचा ते ओरडून किंवा बोटांनी सांगायचे आणि योग्य गड्याच्या हाती योग्य क्षणी चेंडू द्यायचा, हे काम ‘पॉइंट गार्ड’चे. पंगतीत आग्रह कोणाला, तूप कोणाला आणि कोणाचे पान रिकामे आहे, हे ज्याला न सांगता कळते तो वाढपी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले. ऑली पॉइंट गार्ड होता. संघ बदलला की नवे डाव, नव्या खुणा आणि नव्या लोकांचे नवे रुसवे. तो हे सारे बारा वेळा शिकला.

त्याचा जन्म १९७२ चा, टेक्सासमधल्या डॅलसचा. तो वाढला लॉस एंजेलिसमध्ये. कनेक्टिकट विद्यापीठात चार वर्षे त्याने जिम कॅल्हून या करड्या गुरूच्या हाताखाली घालवली आणि १९९५ साली तो बाहेर पडला. त्या वर्षी एन. बी. ए.च्या संघांनी मिळून अठ्ठावन्न खेळाडू निवडले. त्यांत ऑलीचे नाव नव्हते. अशा वेळी पुष्कळ मुले चेंडू माळ्यावर टाकून दुसऱ्या वाटेला लागतात. ऑली मात्र दुय्यम दर्जाच्या स्पर्धेत, ‘कनेक्टिकट प्राइड’ या संघात, दोन वर्षे खेळत राहिला.

१९९७ साली डॅलसने त्याला घेतले आणि मग सुरू झाली ती वणवण. त्याच हंगामात ऑरलँडो. पुढे सॅक्रामेंटो, पुन्हा ऑरलँडो, फिलाडेल्फिया, न्यू जर्सी, पुन्हा फिलाडेल्फिया, शिकागो, इंडियाना, मिलवॉकी, सिएटल, क्लीव्हलँड, तिसऱ्यांदा फिलाडेल्फिया, मिनेसोटा आणि अखेर ओक्लाहोमा सिटी. नकाशा घेऊन बसलात तर बोट दुखून येईल!

या वणवणीमागे तिथल्या धंद्याची एक रीत आहे. एन. बी. ए.त दहा दिवसांचा करार असतो. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, एखादा गडी जायबंदी झाला की संघ बाहेरच्याला दहा दिवसांपुरते बोलावतो. फार तर आणखी दहा दिवस वाढवून मिळतात. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत ठेवून तरी घ्यायचे, नाहीतर रामराम! ऑलीने आरंभीच्या वर्षांत असे करार पुष्कळ पाहिले. आपल्याकडे मुलगी द्यायची तर ‘मुलगा कायम झाला आहे ना?’ हा प्रश्न पहिला. ऑलीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे ‘अजून नाही’ असेच द्यावे लागले असते. पगार आपल्या मानाने डोळे दिपवणारा होता, हे खरे. पण उद्या आपण कोणत्या गावी असू, हे ठाऊक नसण्याची टोचणी पैशाने बोथट होत नाही.

कधी कधी तर तो दुसऱ्यांच्या सौद्यात वजनाला वजन म्हणून गेला. २००३ च्या फेब्रुवारीत रे ॲलन आणि गॅरी पेटन या दोन बड्या खेळाडूंची मिलवॉकी आणि सिएटल यांच्यात अदलाबदल झाली. वर्तमानपत्रांचे मथळे त्यांच्या नावांचे. ॲलनबरोबर मिलवॉकीहून सिएटलला गेलेल्यांत ऑलीही होता, हे वाचायला बातमीच्या तळाशी जावे लागे.

आकड्यांच्या बाजूने पाहिले तर त्याची कारकीर्द किरकोळच. सामने सहाशेंच्या वर. गुणांची सरासरी सामन्याला चारांहूनही कमी. तराजू एवढ्यावरच खाली ठेवला तर ऑली हलका ठरेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारायला हवा असे मला वाटते. ज्याच्या हातून गुण होत नाहीत, त्याला बारा संघांनी बोलावले का? दोन संघांनी एकदा सोडल्यावर पुन्हा का बोलावले? काढून टाकल्याची प्रत्येक नोंद म्हणजे त्याआधी कोणीतरी बोलावल्याचीही नोंद असते. आपण पहिली वाचतो आणि दुसरी विसरतो.

या प्रश्नाचे उत्तर ओक्लाहोमा सिटीत सापडते. २००८–०९ च्या हंगामात या संघाने बयाऐंशी सामन्यांपैकी जेमतेम तेवीस जिंकले होते. संघ पोरसवदा, त्याचा म्होरक्या केविन ड्युरँट वीस वर्षांचा. पुढच्या हंगामात छत्तीस वर्षांच्या ऑलीला त्यांनी घेतले. मैदानावर तो थोडेच सामने उतरला. पण सरावाला वेळेआधी हजर राहायचे, अंगाची काळजी घ्यायची, बाकावर बसून असतानाही खेळाकडे लक्ष ठेवायचे, या गोष्टी पोरांनी त्याच्याकडे बघून उचलल्या. त्या हंगामात संघाने पन्नास सामने जिंकले. गुण अर्थातच पोरांनी केले. परंतु संघाला वळण लावल्याचे श्रेय पुढे खुद्द ड्युरँटने ऑलीला जाहीरपणे दिले. ‘बारा गावचे पाणी प्यायलेला’ असे आपण जरा डोळे मिचकावून म्हणतो. या माणसाने ते पाणी सरळपणे प्यायले आणि तहानलेल्यांना पाजलेही.

२०१० मध्ये खेळ थांबवून तो आपल्या विद्यापीठात कॅल्हूनचा मदतनीस झाला. २०१२ साली गुरू निवृत्त झाले, तेव्हा प्रमुख प्रशिक्षकाची जागा ऑलीला मिळाली. पण तीही आधी हंगामापुरतीच! खेळाडूंच्या अभ्यासातील प्रगती कमी पडल्यामुळे त्या वर्षी संघाला अखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेची दारे बंद होती. तशाही स्थितीत त्याने संघ बांधला आणि डिसेंबरात तो ‘कायम’ झाला. पुढे ७ एप्रिल २०१४ रोजी डॅलसजवळच्या आर्लिंग्टन गावी, सुमारे एकोणऐंशी हजार प्रेक्षकांसमोर, त्याच्या संघाने केंटकीला ६०–५४ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आपल्या गटात सातवे मानांकन मिळालेला संघ विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. जन्मही डॅलसचा, पहिली चाकरीही डॅलसची, आणि गुलालही तिथेच!

गोष्ट इथे थांबवली तर दिवाळीचा फराळ गोड लागेल. पण इतिहासाला तसे करता येत नाही. २०१८ साली विद्यापीठाने नियमभंगाचे कारण देऊन त्याला काढले. महाविद्यालयीन क्रीडासंस्थेनेही २०१९ मध्ये त्याच्यावर तीन वर्षांचे निर्बंध घातले. नोकरीचा तंटा लवादाकडे गेला. २०२२ च्या जानेवारीत लवादाने विद्यापीठाची बडतर्फी अयोग्य ठरवून एक कोटी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम त्याला देण्याचा निर्णय दिला. ‘कायम’ या शब्दाचा भरवसा किती, हे ऑलीइतके कोणाला ठाऊक असणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रुकलिन संघाने आपला प्रशिक्षक मध्येच काढला आणि उरलेल्या हंगामापुरती ती जागा मदतनीस ऑलीला दिली. ब्रुकलिनचा हा संघ म्हणजे पूर्वीचा न्यू जर्सीचाच. ऑली २००० साली त्याच्याकडून थोडे दिवस खेळला होता. हंगाम संपला, जागा दुसऱ्याला गेली. हजेरीपटावर आणखी एक ओळ वाढली. त्या ओळीतही मला आधी दिसते ते हेच, की घर अडचणीत आले तेव्हा त्यांनी यालाच हाक मारली होती.