कुर्ली, मानस आणि गांवकरी

श्रीमंगेश व श्रीशांतादुर्गा आज अंत्रुज महालात नांदत असले, तरी त्यांची मूळ स्थाने कुशस्थळी आणि केळशी ही होत, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळे पाडली गेली. भक्तांनी देव नदीपार नेले. भूमी मात्र नेता येत नाही. जुवारी-मांडवीच्या काठची खाजणे मागेच राहिली. देवळाची पूजाअर्चा ज्या गांवकरीच्या सामाईक उत्पन्नातून चाले, तीच गांवकरी या खाजणांचे बांधही राखीत असे. अफोंसो मेशिया याने १५२६ साली गांवकऱ्यांचे रिवाज लेखनिविष्ट केले, तेव्हा ते रिवाज जुने झालेले होते.

खाजण म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून सोडवून घेतलेली जमीन. चिखल, पेंढा व जांभा दगड यांचा बांध आणि त्यात बसविलेली मानस, एवढीच त्याची साधने. भरती आली की मानशीचे लाकडी दार पाण्याच्या दाबाने आपोआप मिटे. ओहोटीस आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडे. पावसाळ्यात कोरगूट भात, कापणीनंतर मोजके खारे पाणी आत घेऊन मासळी, असा क्रम चाले.

या व्यवस्थेत एका क्षुद्र जीवाचे स्थान मोठे होते. तो जीव म्हणजे कुर्ली. बांधात तिने बीळ केले की पाणी पाझरू लागे, आणि एका बिळापायी सारे शेत खारावे. म्हणून बांधाची नित्य पाहणी होई. परंतु बांधाची ही वैरीण चिखलात मात्र सेवेकरी ठरते. पाण्याखालच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू नसतो. कुर्ल्या आणि चिखलातील किडे बिळे करतात, त्यांतून हवा व पाणी खोल उतरते. पालापाचोळा ओढून नेला जातो व कुजून त्यातील नत्र पुन्हा वनस्पतींस मिळते. बिळाच्या भिंतीवर एका जातीचे सूक्ष्मजंतू नत्राचे रूप पालटतात, तर लगतच्या निर्वात मातीत दुसरे त्याचा वायू करून आकाशात सोडतात.

मिथेनही अशाच निर्वात चिखलात जन्मतो. खाऱ्या पाण्यातील गंधकाचे क्षार त्याच्या उत्पत्तीस आळा घालतात. पावसाने पाणी गोडे झाले की हा आळा सैल पडतो. बिळातून उतरणारा प्राणवायू काही मिथेन जाळून टाकतो. पण तेच बीळ खोल साठलेल्या वायूस वर येण्याची वाटही होते. शिवाय २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, गोड्या पाण्यातील लहान जीवांच्या आतड्यांतूनही नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची उष्णता धरण्याची शक्ती कर्बवायूच्या सुमारे २७० पट आहे. सारांश, हे जीव निखळ उपकारी नव्हेत, की निखळ अपकारीही नव्हेत. पाणी किती, खारे की गोडे, किती काळ, यावर त्यांच्या कार्याचे फळ अवलंबून असते.

आणि पाण्याचे हे माप राखणे हेच तर गांवकरीचे काम होते. त्या पूर्वजांस मिथेन ठाऊक नव्हता. पण पाणी केव्हा घ्यावे, केव्हा सोडावे, हे त्यांनी एका माणसाच्या लोभावर सोपविले नाही. त्या व्यवस्थेतही उच्चनीचता होती; राबणाऱ्या कुळास तीत मान नव्हता. १९६४ चा कुळकायदा व १९७६ ची त्याची दुरुस्ती यांनी कुळांस हक्क दिला, तो न्यायच झाला. मात्र हक्काबरोबर बांध राखण्याची सामाईक शिस्त पुरतेपणी हस्तांतरित झाली नाही. मासळीच्या लाभासाठी कोठे मानशी अवेळी उघड्या राहिल्या, कोठे बांध फुटले, आणि शेते खाऱ्या पाण्याखाली गेली.

दोष कुर्लीचा नव्हे. ती पूर्वीही बिळे करीत होती. बुजविणारे हात तेव्हा होते. दरवर्षी जत्रेस आपण मूळ स्थानाचे स्मरण करतो. त्या स्मरणात केवळ देवळाचा चौथरा नसावा. ज्या बांधाने त्या देवळाचा नंदादीप तेवत ठेविला, तो बांधही असावा.