नऊ सेंटिमीटरची मोकळीक

योकोहामाच्या बंदरात भराव घालून केलेल्या बेटावर दाइकोकू नावाचा वाहनतळ आहे. द्रुतगती मार्गाच्या वळशांनी तो असा वेढलेला आहे की तिथे गाडीतूनच जावे लागते. २०१४ साली नोकरीनिमित्त त्या शहरात असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने रविवारी सकाळी मला तिथे नेले. त्याच्याकडे निस्सान स्कायलाइन जीटी-आर होती, १९८९ सालची. रांगेतल्या फेरफार केलेल्या गाड्यांची मी इंजिने बघत होतो. तो मात्र काचेवरची लहानशी चिकटपट्टी बघत होता. "हिला अजून दीड वर्ष आहे," असे म्हणून पुढे सरकायचा.

ती पट्टी म्हणजे 'शाकेन', आपल्या भाषेत पासिंग. खासगी नव्या गाडीला तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, आवाज तपासतात. गाडीचा तळ जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर हवा. वितीच्या निम्म्याहूनही कमी! हौशी लोक गाडी याच रेषेपर्यंत खाली आणतात आणि तिथे थांबतात.

ही मोकळीक फार जुनी नाही. १९९५पर्यंत साध्या बदलांनाही अर्ज आणि कागदपत्रे लागत, त्यामुळे बहुतेकांची हौस बेकायदाच असे. त्या वर्षी अमेरिका आणि जपान यांच्यात मोटारींवरून भांडण पेटले. अमेरिकेने तेरा जपानी आलिशान मॉडेलांवर शंभर टक्के कर लावण्याची धमकी दिली. तक्रारींपैकी एक अशी होती, की जपानचे तपासणीचे नियम परदेशी सुट्या भागांना बाजारात शिरूच देत नाहीत. जूनमध्ये समझोता झाला. नोव्हेंबरमध्ये जपानच्या परिवहन मंत्रालयाने ठरावीक भाग बदलण्याची मुभा दिली: लहान गाडीची लांबी तीन, रुंदी दोन, उंची चार सेंटिमीटरच्या फरकात राहिली, तर वेगळा अर्ज नको. रस्त्यावरच्या या हौसेला कायद्याचे छप्पर मिळाले त्यात व्यापारी भांडणाचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे. शुइची शिगेनो यांची 'इनिशियल डी' ही चित्रकथा सुरू झाली तीही १९९५मध्येच. तिचा नायक जुन्या टोयोटातून टोफू पोचवतो. हा मात्र निव्वळ योगायोग.

एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढूनही घेतले जाते. पेट्रोलची गाडी तेरा वर्षांची झाली की तिचा वार्षिक कर वाढतो. म्हणून धडधाकट गाड्या परदेशी जातात. अमेरिकेत पंचवीस वर्षे पूर्ण झालेली गाडी तिथल्या सुरक्षा नियमांतून सुटते. सहकाऱ्याची गाडी नेमकी त्या वर्षी पंचविशीला पोचली, आणि निर्यातदारांचे फोन सुरू झाले. त्यातच शाकेनची तारीखही आली होती.

तो गॅरेजला न देता स्वतःच गाडी तपासणीला घेऊन गेला, मीही गेलो. तपासणीपुरता मूळ सायलेन्सर बसवायचा आणि घरी येऊन पुन्हा बदलायचा, हा रिवाज त्याला चोरी वाटे. गाडी रांगेतून पुढे सरकली. आवाज बसला, ब्रेक बसले, उजवा दिवा नापास. केंद्राबाहेर दिवे जुळवून देणारी छोटी दुकाने असतात. तिथे दिवा नीट करून आम्ही पुन्हा रांगेत उभे राहिलो.

थांबलो असताना त्याने विचारले, "तुमच्याकडे किती सेंटिमीटर चालते?" आमच्याकडे आरसी बुकात असते तेवढेच, असे मी गमतीने म्हणालो. पुढे जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही असे सांगितले, तेव्हा तो प्रश्न आठवला.

दुसऱ्या फेरीत दिवा पास झाला. त्याने जुनी पट्टी नखाने खरवडून काढली आणि नवी लावली. खिशातला फोन दोनदा वाजला. तो त्याने उचलला नाही.