सलग हरण्याचा हिशेब : कार्दानोचे दोन ग्रंथ

ओळीने हरत जाणाऱ्या जुगाऱ्याला पैशाइतकीच आणखी एका गोष्टीची चणचण भासत असते. ती म्हणजे कारणाची. एखादा डाव हरणे हा खेळाचाच भाग असतो. सात डाव ओळीने गेले, की त्यामागे काहीतरी असलेच पाहिजे असे त्याला वाटू लागते. मग तो बसण्याची जागा बदलतो, शेजारी बसलेल्याला अपशकुनी ठरवतो, ग्रहांची चौकशी करतो आणि घरी गेल्यावर झोप येईपर्यंत प्रत्येक डाव नव्याने सांगत राहतो. साहित्याच्या अभ्यासकाला ही धडपड अनोळखी वाटू नये. सुट्या घटनांची ओळ लावून तिच्यातून अर्थ काढणे, यालाच आपण कथानक म्हणतो. हरणारा माणूस असा नकळत कथाकार होतो. प्रश्न इतकाच, की त्याच्या कथेला आधार असतो का. आणि नसेल, तर त्याने त्या हरण्याचे करायचे काय?

या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे सोळाव्या शतकातील एकाच माणसाने देऊन ठेवली आहेत. जेरोलामो कार्दानो (1501-1576) हा पाव्हिया येथे जन्मलेला इटालियन वैद्य. बीजगणिताच्या इतिहासात त्याचे नाव 1545 साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्स माग्ना' या ग्रंथामुळे येते. घन आणि चतुर्घाती समीकरणांची उकल त्या ग्रंथात आहे. वैद्य म्हणून त्याची कीर्ती एवढी, की 1552 साली स्कॉटलंडच्या आर्चबिशपच्या उपचारांसाठी त्याला तिथवर बोलावून नेण्यात आले. परंतु ही प्रतिष्ठा बऱ्याच उशिरा आली. जन्माच्या औरसतेविषयी शंका घेऊन मिलानच्या वैद्यमंडळाने त्याला अनेक वर्षे बाहेर ठेवले. प्रवेश मिळाला तो 1539 साली. मधल्या काळात पत्नीचे दागिने आणि घरातले सामान गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर आली. जुगार हा त्याचा पूर्णवेळचा धंदा कधीच नव्हता. वैद्यकी, अध्यापन आणि ग्रंथलेखन यांच्या फटींतून तो खेळत असे. मात्र या फटी किती मोठ्या होत्या हे त्यानेच सांगितले आहे. आत्मचरित्रात तो लिहितो, की बुद्धिबळ आपण चाळीसहून अधिक वर्षे खेळलो आणि फासे सुमारे पंचवीस वर्षे. तेही जवळजवळ रोज. त्यात लौकिक, पैसा आणि वेळ या तिन्हींची नासाडी झाली, हेही तो लपवत नाही.

या अनुभवातून त्याने 'लिबेर दे लुदो आलेए' हा छोटा लॅटिन ग्रंथ लिहिला. द्यूताविषयीचा ग्रंथ, असा या नावाचा अर्थ. तारुण्यात हाती घेतलेले हे लेखन त्याने आयुष्यभर अधूनमधून चालू ठेवले. ग्रंथाचे स्वरूप विस्कळीत आहे. नीतीच्या गोष्टी, लबाडीचे प्रकार, प्राचीनांचे दाखले आणि गणित हे सारे त्यात शेजारी शेजारी नांदते. लिहिण्याचे समर्थनही तो वैद्याच्या तोंडी शोभेल असेच करतो : जुगार हा दुर्गुण असला, तरी एवढी माणसे त्यात गुंतलेली असताना तो एखाद्या असाध्य रोगासारखा आहे, आणि रोगाविषयी लिहिणे हे वैद्याचे कामच आहे.

ग्रंथाच्या मध्यभागी मोजणी आहे. दोन फाशांच्या 36 आणि तीन फाशांच्या 216 शक्यता तो काळजीपूर्वक मांडतो आणि कोणत्या दानाला किती वाव आहे हे ठरवतो. पुढे तो थेट आपल्या प्रश्नाकडे वळतो. जिंकण्याहरण्याची शक्यता समसमान असेल, तर तेच फळ ओळीने पुनःपुन्हा मिळण्याची शक्यता किती? प्रथम तो चुकीच्या वाटेने जातो, मग आपली चूक दाखवून ती दुरुस्त करतो, आणि तरीही आधीची चूक पुसून टाकत नाही. हाती येणारे उत्तर आज शाळेतही शिकवले जाते : ओळीने तीन वेळा तेच घडण्याची शक्यता आठात एक. म्हणजे सहा वेळा चौसष्टात एक. हे लिहिताना त्याच्यासमोर या विषयाची कोणतीही परंपरा नव्हती. पास्कल आणि फेर्मा यांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार 1654 सालचा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 78 वर्षांनी झालेला.

चौसष्टात एक हा आकडा हरणाऱ्याला घाबरवतो, कारण तो स्वतःची ओळ तेवढी बघतो. नाणे शंभर वेळा उडवले, तर त्यात कुठेतरी ओळीने सहा किंवा अधिक काटे पडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. सहा हारींची माळ ही अशा रीतीने अपवाद न राहता बऱ्याचदा भेटणारी गोष्ट ठरते. फाशांना स्मृती नसते. स्मृती असते ती खेळणाऱ्याला. ती त्याला सांगते, की आता आपली पाळी आलीच पाहिजे. मग तो बोली दुप्पट करतो. दहा रुपयांपासून आरंभ करून दर हारीला रक्कम दुप्पट करणारा माणूस सातव्या डावाला 640 रुपये लावतो. तोही गेला तर त्याचे एकूण 1,270 रुपये जातात, आणि हे सर्व कशासाठी, तर मूळचे दहा रुपये मिळवण्यासाठी!

पण खरी गुंतागुंत फाशांत नसून पत्त्यांत आहे, आणि कार्दानोने हे ओळखले होते. तो ज्या 'प्रिमेरो' खेळाविषयी लिहितो, त्यात प्रत्येकाला चार पाने मिळत, बोली वाढवता येई आणि हातात काहीही नसताना चेहऱ्याच्या बळावर समोरच्याला माघार घ्यायला लावता येई. पोकरच्या पूर्वजांत या खेळाची गणना होते. फासे उघड्यावर पडतात. पत्ते दबा धरून बसलेले असतात, हा त्याने सांगितलेला फरक मार्मिक आहे. जिथे काही झाकलेले असते तिथे अंदाजाला, म्हणजेच कौशल्याला, वाव मिळतो. आणि जिथे कौशल्याला वाव असतो, तिथे हरण्याचा अर्थ धूसर होतो. पाने वाईट आली, की आपण वाईट खेळलो?

फावल्या वेळी खेळणाऱ्याची अडचण इथेच सर्वांत तीव्र असते. एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. एखादा खेळाडू इतका चांगला आहे, की त्याला दर डावामागे सरासरी एक रुपया सुटतो. पण एकेका डावातला चढउतार साधारण वीस रुपयांचा आहे. असे शंभर डाव झाले, तर अपेक्षित प्राप्ती शंभर रुपयांची आणि चढउतार दोनशेचा. याचा अर्थ, असे शंभर खेळाडू घेतले तर त्यांच्यापैकी सुमारे एकतीस जण चांगले खेळूनही तोट्यातच असतील. डाव दहा हजार झाले, तर प्राप्ती दहा हजार आणि चढउतार केवळ दोन हजार. तिथे कौशल्य स्वच्छ दिसते. रोज खेळणारा या दुसऱ्या किनाऱ्याला कधीतरी पोहोचतो. सुट्टीच्या संध्याकाळी खेळणारा वर्षानुवर्षे पहिल्याच किनाऱ्यावर घुटमळत राहतो. आपण दुर्दैवी आहोत की अडाणी, हे ठरवण्याइतका पुरावाच त्याच्यापाशी जमा होत नाही.

कारण कधी नसतेच, असे मात्र नाही. तरुणपणी व्हेनिसमध्ये एका प्रतिष्ठिताच्या घरी कार्दानो पत्ते खेळत असताना हरत गेला. पुढे पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत हे त्याच्या ध्यानात आले. त्याने खंजीर काढून यजमानाच्या चेहऱ्यावर वार केला, पैसे परत घेतले आणि पळ काढला. त्याच रात्री तो कालव्यात पडला. ज्या नावेतल्या लोकांनी त्याला वर ओढून घेतले, त्या नावेत जखमेला पट्टी बांधलेला तोच यजमान बसलेला होता! ही हकिगत आत्मचरित्रात आहे, आणि तिचे कथारूप बघता त्यातली किती घडली आणि किती रंगली, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. तरी द्यूतग्रंथात लबाडीवर त्याने एवढा भर का दिला असावा, हे तिच्यामुळे समजते. सलग हरण्याची कारणे तीनच संभवतात : यदृच्छा, आपली उणीव आणि दुसऱ्याची लबाडी. ग्रह या यादीत नाहीत.

या ग्रंथातला उपदेश विलक्षण साधा आहे. खेळ विरंगुळ्यापुरता असावा, पणाला लावलेली रक्कम बेताची असावी, आणि जुगारातला सर्वांत मोठा लाभ मुळात न खेळण्यात आहे. हार सोसण्याची युक्ती त्याने डावाच्या आत शोधलेली नाही. ती डावाला बसण्यापूर्वीच ठरवलेल्या मर्यादेत शोधली आहे.

याच्या उलट टोकाला दोस्तोयेव्हस्की दिसतो. 1863 मध्ये जर्मनीतल्या रूलेटवर थोडे जिंकल्यावर आपल्याला रहस्य सापडले असे त्याने एका पत्रात कळवले : प्रत्येक क्षणी मनावर ताबा ठेवायचा, एवढेच. पुढे तो वीसबाडेनला, होम्बुर्गला आणि बाडेन-बाडेनला हरला. 1866 च्या ऑक्टोबरमध्ये, प्रकाशकाच्या जाचक करारापायी, त्याने 'जुगारी' ही कादंबरी 26 दिवसांत स्टेनोग्राफर आना हिला सांगून पुरी केली. तिच्याशी विवाह झाल्यावरही तिचे दागिने गहाण पडतच राहिले. मनावरचा ताबा पत्त्यांत उपयोगी पडतो. रूलेटच्या चाकाला त्याचे सोयरसुतक नसते. एक शून्य असलेल्या चाकावर 37 घरे असतात, आणि शांतपणे खेळा की बेभान होऊन, दर शंभरामागे सुमारे 2.7 मालकाच्या खिशात जातातच. दोस्तोयेव्हस्की मात्र प्रत्येक हारीचे कारण स्वतःच्या स्वभावात शोधत राहिला. एप्रिल 1871 मध्ये वीसबाडेनला शेवटचे हरल्यावर त्याने पत्नीला कळवले, की दहा वर्षांची पछाड संपली. आणि तो खरोखरच पुन्हा खेळला नाही. त्याला कथानक हवे होते, आणि अखेर त्याला शेवटही कथानकासारखाच लाभला.

आपल्याकडे नलोपाख्यानात ही दोन्ही उत्तरे एकत्र नांदतात. नल हरतो याचे कारण कली आहे, म्हणजे कथा आहे. त्याची सुटका मात्र ऋतुपर्णाच्या मोजणीने होते. बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे एका दृष्टिक्षेपात सांगणारा राजा त्याला अक्षहृदय देतो, आणि कली देहातून बाहेर पडतो. संख्या कळली, की पिशाच निघून जाते.

कार्दानोच्या बाबतीत ते गेले नाही. आत्मचरित्र हा त्याचा दुसरा ग्रंथ. तो त्याने आयुष्याच्या अखेरीस रोममध्ये लिहिला, आणि तो स्वप्ने, शकुन व रक्षक देवता यांनी भरलेला आहे. त्याचा थोरला मुलगा, तोही वैद्य, पत्नीवर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून पकडला गेला आणि एप्रिल 1560 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्या काळात आपल्या उजव्या हाताच्या अनामिकेच्या मुळाशी रक्ताळलेल्या तलवारीच्या आकाराची खूण उमटली, ती 53 दिवस वर सरकत बोटाच्या टोकाशी पोहोचली, आणि मुलाला मारल्यानंतर विरून गेली, असे तो लिहितो. शक्यतांची मोजणी मांडणाऱ्या माणसाचे हे वाक्य आहे.

याला विसंगती म्हणून बाजूला सारता येईल, पण ते घाईचे होईल. द्यूतग्रंथ ज्या हारींविषयी आहे, त्यांच्या आधी मर्यादा आखता येते. पुढचा डाव खेळायचा नाही, असे ठरवता येते. मुलाच्या बाबतीत त्याला असे काही ठरवता येण्याजोगे नव्हते. पैशाची हार त्याने मोजणीच्या हवाली केली. जी हार मोजणीत बसत नव्हती, तिच्यासाठी त्याने बोटावरची तलवार जपून ठेवली. दोन्ही ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतरच छापले गेले : आत्मचरित्र 1643 साली पॅरिसला, द्यूतग्रंथ 1663 साली ल्यों येथे. आत्मचरित्र हे आत्मचरित्राच्या वर्गात शिकवले जाते आणि द्यूतग्रंथ गणिताच्या इतिहासात. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर हरण्याविषयी त्या दोहोंपैकी एकटा जे सांगत नाही ते हाती लागते.