भिंतीपलीकडचा हात

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे आपल्याकडच्या जुन्या घरांत आजही अभिमानाने सांगितले जाते. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला ट्रॉम्बे येथे डॉ. होमी भाभांच्या पुढाकाराने अणुसंशोधनाची संस्था स्थापन झाली. तेच आजचे भाभा अणुसंशोधन केंद्र. या क्षेत्रात पहिल्यापासून एक अवघड प्रश्न होता. ज्या वस्तूजवळ जाणेही घातक, ती हाताळायची कशी?

मादाम क्युरी रेडियमच्या नळ्या खिशात बाळगत. १९३४ साली रक्ताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्या अजूनही शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.

मध्ये जाड भिंत घातली तर माणूस वाचतो, पण काम अडते. अमेरिकेतील आर्गॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाअखेर यावर तोड काढली. भिंतीच्या अलीकडे धरायची मूठ, पलीकडे चिमटा आणि दोन्हींना जोडणारी यांत्रिक रचना. मनगट वळवले की चिमटा वळे. वस्तू पकडली की तिचा रेटा माणसाच्या हाताला जाणवे. १९५४ मध्ये त्यांनी या जोडणीसाठी विजेच्या मोटारी वापरल्या, तरी रेटा जाणवण्याची सोय कायम ठेवली. नाजूक वस्तू नुसती बघून धरता येत नाही; किती दाबायचे हे हातालाच कळते.

आपल्या शेजारचे तारापूर अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. तिथल्या वापरलेल्या इंधनकांड्या तपासणीसाठी ट्रॉम्बेच्या ‘हॉट सेल’मध्ये आल्या. काँक्रीटच्या जाड भिंती आणि शिसेयुक्त काचेची खिडकी असलेली ही खोली. कांडीचे धातूचे वेष्टण १ मिलिमीटरहूनही पातळ. तिचा छोटा काप घ्यायचा, घासून गुळगुळीत करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. आणि हे सारे भिंतीबाहेर उभे राहून. असे यांत्रिक हात पुढे भाभा केंद्राने स्वतः तयार केले.

पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने घडवलेला ‘दक्ष’ हा त्याच विचाराचा चाकांवरचा अवतार. संशयित बॉम्ब तो उचलतो. चालवणारा जवान दूर सुरक्षित असतो. २०११ मध्ये तो सैन्याकडे सुपूर्द झाला.

यंत्रमानव आला की माणसाचे काम जाणार, अशी धास्ती आपल्या कारखान्यांच्या भागात नेहमी ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. पण या यंत्रांच्या बाबतीत कसब माणसाच्याच हातात राहिले, आणि तो हात संध्याकाळी सुखरूप घरी परतू लागला.